आधी ढोल, मग रडणं

सापगावचा भगीरथ बेंजो पार्टीत ताशा वाजवायचा. लग्नसराईत शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतून त्यांच्या पार्टीला बोलावणी यायची. ती बेंजोमुळे येत नाहीत, ताशामुळे येतात, असं लोक तोंडावर बोलत आणि बेंजोवाला ते ऐकून गप्प बसे. गळ्यात ताशा अडकवून भगीरथने दोन बारीक काड्या उचलल्या की हळदीच्या मांडवात म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावरून उठून यायची. लग्नं संपली की तो आपली भातशेती बघे आणि भात झोडून झालं की मुरबाडला रोजावर जाई.

शहापुरातल्या एका लग्नात दीपेश त्याला भेटला. हा पेठेतला मुलगा, चष्मा लावणारा, केस मानेपर्यंत वाढवलेले, मुंबईला कंपनीत कामाला. वरात संपेपर्यंत तो ताशाच्या बाजूला उभा राहून भगीरथच्या मनगटांकडे बघत होता. वरात संपल्यावर म्हणाला, "भाऊ, ह्याच्यापेक्षा फास्ट वाजवता येईल?"

भगीरथला वाटलं, पोरगा टर उडवतोय. "ह्याच्यापेक्षा फास्ट वाजवलं तर नाचायचं कुणी?"

"नाचायचं नाहीच आहे," दीपेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने भगीरथला घरी नेऊन एक कॅसेट लावली. भगीरथला पहिल्यांदा वाटलं, टेप खराब झालाय. मग त्याला त्या गोंगाटात ढोल सापडला. उजवा हात, डावा हात आणि पाय, एकामागोमाग एक, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. ह्याला ब्लास्ट बीट म्हणतात, असं दीपेशने सांगितलं. वर गिटारी अशा वाजत होत्या की सूर कुठला ते कळू नये, आणि एक माणूस पोटातून गुरगुरत होता. भगीरथ ऐकायला नीट बसतोय तोवर गाणं संपलं.

"एवढंच?"

"एवढंच. काही तर ह्याच्यापेक्षा लहान असतात. तोंड उघडलं, बोललं, संपलं."

त्या दिवसापासून दीपेश त्याला शिकवत गेला. इंग्लंडमध्ये कारखान्यांच्या गावातली पोरं होती, हाताला काम नाही, डोक्यात राग, त्यांनी ऐंशीच्या पुढे हे सुरू केलं. हेवी मेटल हे जड गिटारींचं गाणं आणि पंक हे रस्त्यावरच्या पोरांचं, ती दोन्ही एकत्र करून इतकं जोरात पळवलं की दोन्ही ओळखू येईनात. त्याचं नाव ग्राइंडकोर. ग्राइंड म्हणजे भरडणं. त्याचा भाऊबंद म्हणजे डेथ मेटल, तो जरा सावकाश, गाणी लांब, बोलणं सगळं मरणाचं. तिसरा ब्लॅक मेटल, तो थंड मुलखातला, किंचाळणारा. ग्राइंडवाले कुणी लढाईवर बोलतात, कुणी कंपनीच्या मालकांवर, कुणी नुसतं सडलेल्या प्रेतांवर. शब्द एकही कळत नाही, पण शब्द असतात. हे सगळं दुकानात मिळत नाही. ज्याला आवड आहे तो दुसऱ्या देशातल्या आवडवाल्याला पोस्टाने कॅसेट पाठवतो, तो आपली पाठवतो. दीपेशकडे जर्मनीच्या, ब्राझीलच्या, जपानच्या कॅसेटी अशाच आलेल्या होत्या.

भगीरथला त्या वेडाचं कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ताशा वाजवताना हात नेहमी लोकांच्या पायांसाठी आवरावा लागे. इथे आवरायचं नव्हतं.

त्याची बायको मीना हे ऐकून पोट धरून हसली. "गाणं हाय का भाताची गिरणी?" ती म्हणाली. "आणि तो मेला बोलतोय कसा? पोटात जंत झालेत त्याच्या." पण दीपेश घरी आला की त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढायची. तो तिला मीनावहिनी म्हणायचा. तिच्या गिरणीवरूनच त्याने बँडला नाव दिलं: भरड. बँड दोघांचाच. भगीरथ ड्रमसेटवर, आणि गिटार वाजवणारा नि गुरगुरणारा दीपेश.

वाजवायला जागा मिळाली धसईला. दीपेशचा मामा कुंडलिक याची तिथे पोल्ट्री होती. एक बॅच विकली गेली की शेड धुऊन, चुना मारून थोडे दिवस रिकामी ठेवतात. तेवढेच दिवस ह्यांचे. कुंडलिकमामाची अट एकच होती, पक्षी आत असताना काडीसुद्धा आपटायची नाही, दचकून एकमेकांवर चढतात आणि गुदमरून मरतात. वास मात्र चुन्यानेही जात नसे. घरी आल्यावर मीना भगीरथला कपडे बाहेरच काढायला लावी.

एकदा भगीरथ दीपेशला सासुरवाडीला घेऊन गेला, डोळखांबला. सासू बाईजा हिला त्या भागात सगळे ओळखत. लग्नात गाणी म्हणायला बायका खूप असतात, पण मरणाच्या घरी बाईजासारखं रडणारी दुसरी नव्हती. कुणी गेलं की तिला निरोप जायचा. ती मढ्याच्या उशाशी बसून हेल काढायची, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याचं सगळं आयुष्य रडत रडत सांगायची, आणि ज्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं तेही तोंड फिरवायचे. दीपेशने विचारलं, आत्ता थोडं म्हणून दाखवाल का? बाईजाने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि शांतपणे सांगितलं की घरात मढं नसताना हेल काढत नाहीत. काढला तर तो रिकामा जात नाही, घरातल्या कुणावर तरी पडतो. दीपेशने मान हलवली. पुन्हा विषय काढला नाही.

मीना दोन हजार एक सालच्या भादव्यात गेली. आधी ताप, मग कावीळ. शहापूरहून ठाण्याला नेली, तिथून परत आणली ती झाकूनच. मुलगी समीक्षा तेव्हा पाच वर्षांची होती.

त्या दिवशी बाईजा आपल्याच लेकीच्या उशाशी बसली. "मिने, माझे बाय गो, भातं पोटरीला आली नि तू कुठं चाललीस," असं तिने सुरू केलं, आणि भोवतीच्या बायकांनी सूर धरला. भगीरथ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याला रडू आलं नाही. ते रडणं मात्र त्याच्या कानात जाऊन बसलं ते बसलंच.

बारावं झाल्यावर बाईजा समीक्षाला घेऊन डोळखांबला गेली. घरात बाई नाही, पुरुषमाणूस रोजावर जाणार, पोरीला कोण बघणार? होळीला घेऊन जा, असं ठरलं. तोवर भगीरथने विधवा बहिणीला सापगावला राहायला बोलावलं आणि जूनमध्ये पोरीला गावच्या शाळेत पहिलीत घालायचं नक्की केलं. घर पुन्हा घर व्हायचं असेल तर ते पोरीनेच होणार होतं. तो दिवस ढकलत होता तो ह्या एका गोष्टीवर.

दिवाळीनंतर धसईची शेड रिकामी झाली. दीपेशने कुठून तरी चार ट्रॅकचं रेकॉर्डिंगचं मशीन आणलं. त्यात एकेक वाद्य वेगवेगळं भरता येतं. आधी ड्रम भरायचे, मग त्यावर गिटार, मग आवाज, सगळ्यात शेवटी गाण्यांच्या सुरुवातीला काही लावायचं असेल ते. ग्राइंडच्या कॅसेटींत तसं लावतात, कुठे कारखान्याचा भोंगा, कुठे कुणाचं भाषण, आणि मग एकदम गाणं अंगावर येतं. भगीरथने दोन दिवस वाजवलं. मीना गेल्यापासून जे रडता आलं नव्हतं ते हातांतून निघालं. एका गाण्याच्या सुरुवातीला त्याचे हात क्षणभर थांबले, मग असे सुटले की दीपेश गिटार खाली ठेवून बघत राहिला. "हेच ठेवायचं," तो म्हणाला, "पुन्हा नाही वाजवायचं." पुढचं काम तो शहापूरला एकटाच करणार होता. कॅसेट झाली की सांगतो, म्हणाला.

होळीला भगीरथ समीक्षाला न्यायला गेला. नवा फ्रॉक घेऊन गेला होता. बाईजाने फ्रॉक ठेवून घेतला आणि पोर पाठवणार नाही म्हणाली. कारण सांगेना. दर वेळी "जावईबापू, बसा" म्हणणारी बाई नुसतं "पाणी घ्या" म्हणाली. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, सासऱ्यांना विचारलं. सासरे म्हणाले, मलाच कळत नाय, पोरीला ओट्याखाली उतरू देत नाय, शेजारी खेळाया गेली तरी मागं जाते. त्यानंतर दोनदा गेला, दोन्ही वेळा हात हलवत परत आला. मे उजाडला. शाळा महिन्यावर आली.

मे महिन्यात धसईला एक हळद होती आणि पार्टीला बोलावणं होतं. मांडवाला लागून कुंडलिकमामाचं घर. स्पीकरवर सिनेमाची गाणी लागली होती. बायका नवरीला घेऊन पाटावर बसवत होत्या. तेवढ्यात कुंडलिकमामा हातात कॅसेट घेऊन आला, म्हणाला, हा आमचा ताशावाला काय साधा समजू नका, त्याची विलायती कॅसेट निघाली, माझ्याच शेडमध्ये बनली, दीपेशने भरलेला खोका माझ्याकडं पडलाय. भगीरथला ठाऊकच नव्हतं कॅसेट निघाली ते. तो काही बोलायच्या आत मामाने स्पीकरवाल्याकडून ती लावून घेतली.

पहिल्यांदा खरखर आली. मग भोंग्यातून बाईचं रडणं आलं.

"मिने, माझे बाय गो, भातं पोटरीला आली नि तू कुठं चाललीस..."

हळदीच्या मांडवात हेल. हळद लावणाऱ्या बाईचा हात नवरीच्या गालावरच थांबला. एका म्हातारीने दोन्ही तळव्यांनी नवरीचे कान झाकले. कुणी तरी म्हणालं, बंद करा, बंद करा ते. स्पीकरवाला बटणं शोधत होता आणि रडणं चालू होतं, चढत चढत एका ठिकाणी तुटलं, आणि जिथे तुटलं तिथूनच भगीरथचे ड्रम सुटले. त्याचे स्वतःचे. मग वायर ओढली गेली.

त्या शांततेत बायकांमधली वत्सला, बाईजाची पुतणी, स्पष्ट बोलली, "ही तर आमची काकू." आणि तिने भगीरथकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. नवरीचा बाप शिव्या देत नव्हता, तो हात जोडून म्हणाला, पार्टीने आता निघावं. बेंजोवाला शहापूरला उतरताना एवढंच म्हणाला, "भगीरथ, उद्यापासून ताशाला दुसरा बघतो."

तरी त्याच्या डोक्यात बेंजोवाला नव्हता. त्याला एकच दिसत होतं, की वत्सला दोन दिवसांत डोळखांबला जाणार.

सकाळी तो पेठेत गेला. दीपेशने दार उघडलं, त्याचा चेहरा बघितला आणि आत ये म्हणाला. घाबरलेला दिसत नव्हता. उलट म्हणाला, तुला सरप्राइज देणार होतो. भगीरथ उभाच राहिला. रात्रभर त्याला एक गोष्ट खटकत होती. मयताच्या दिवशी बाईजाबरोबर भोवतालच्या दहा बायका रडत होत्या. कॅसेटमध्ये एकटी बाईजा होती. मागे नुसती एक कोंबडी कुरकुरत होती.

"त्या दिवशी माझ्या दारात बसून टेप केलंस?" तरी त्याने विचारलं.

"नाही रे. मयतात टेप करीन का मी? विचारून घेतलं."

"कुणाला विचारून?"

"तुझ्या सासूला. जानेवारीत गेलो होतो डोळखांबला."

"मढ्याबिगर ती रडत नाय. तुला माहीत हाय."

दीपेशने चष्मा काढून पुसला. "तुझं नाव सांगितलं. म्हटलं, भगीरथने पाठवलंय. पोर लहान आहे, मोठी झाल्यावर आईबद्दल काय ऐकणार, आजीचं हे रडणं जपून ठेवायचंय म्हणतो. आधी नाही म्हणाली. मग जावयाचा शब्द आहे तर, असं म्हणून रडली. भाऊ, मी पण रडलो. खोटं नाही सांगत."

"मला का नाय सांगितलंस?"

"तू नको म्हणाला असतास."

"मंग?"

"मग गाणं झालं नसतं." हे तो अगदी सरळपणे म्हणाला. मग बोलतच राहिला. मीनावहिनीसाठीच केलं म्हणाला. जगात कुणी कुणासाठी इतकं खरं गाणं केलं नसेल. जर्मनीवाल्याने कळवलंय की असा इंट्रो त्याने आजवर ऐकला नाही, तो तिकडे कॅसेटी काढून वाटणार आहे. तुझा हात आणि तिचा आवाज, कसं बसलंय बघ, जसं काही तू ऐकूनच वाजवलंस.

भगीरथने एक कॅसेट उचलली. कव्हरवर दोघांची नावं होती, आणि खाली बारीक अक्षरांत, रडणं: बाईजा. तो एसटी स्टँडवर आला आणि डोळखांबच्या गाडीत बसला.

वत्सला त्याच्या आधी पोचली होती. ती ओट्यावर बसली होती, त्याला बघून उठून आत गेली. समीक्षा धावत आली आणि त्याच्या पायाला बिलगली. बाईजाने तिला हाक मारून मागे घेतलं.

"मामी," तो म्हणाला, "मी सांगितलं नव्हतं."

"काय?"

"तुमाला रडाया. त्यानं माझं नाव घेतलं. मला कालपातुर ठावं नव्हतं."

 बाईजाने होळीला न सांगितलेलं सगळं एकदम सांगितलं. चढ्या आवाजात नव्हे. मढ्याशिवाय हेल काढला तो फक्त जावयाचा शब्द म्हणून. रडून झालं आणि तो चष्मेवाला मशीन उचलून निघाला, तेव्हा समीक्षा मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून तिला झोप नाही. पोरीला शिंक आली तरी तिचा जीव जातो. पोर नजरेआड करायची नाही, हे त्याच दिवशी ठरलं. आणि मनात आलं, ह्या माणसाला पोटच्या पोरीची एवढी पण काळजी नाही, की रडायला माणूस पाठवतो.

"आणि आता वत्सला सांगते, ते रडणं हळदीत लागलं. वर तुमचा ढोल."

"माझा हाय. पण मला ऐकवलंच नव्हतं."

"ऐकवा मला," ती म्हणाली.

वत्सलाने आतून टेप आणला. बाईजा जमिनीवर मांडी घालून बसली आणि आपलंच रडणं ऐकलं, मान खाली, कपाळाला आठी, दुसऱ्या बाईचं ऐकावं तसं. आवाज तुटला. ड्रम सुटले. ती दचकली नाही. सगळं गाणं संपेपर्यंत बसली, संपायला फार वेळ लागला नाही.

"हा तुमचाच हात," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या लग्नात वाजवलात तोच. मी वळखते."

"हां."

"माझा आवाज तुटतो तिथंच उचललात. न ऐकता कसं उचललात?"

त्याने सांगायचा प्रयत्न केला. मशीनमध्ये चार वेगळ्या पट्ट्या असतात. आधी ढोल भरतात. बाकी सगळं नंतर. मी दिवाळीच्या मागं वाजवलं, तुमी पौषात रडलात, त्यानं ते पुढं नेऊन चिकटवलं. बाईजा शांतपणे ऐकत होती आणि तिच्या तोंडावर काही हलत नव्हतं.

"आधी ढोल, मग रडणं?" ती म्हणाली. "असं कुठं असतं, भगीरथ? लग्नात बाई गाणं उचलते, मग तुमी वाजवता. मयतात बाई रडते, मग वाजंत्री पुढं होते. कोण मेलं ते कळायच्या आधी ढोल वाजवतं का कुणी?"

"त्या मशीनला तसंच असतं, मामी."

"बरं. मग शपथ घ्या. पोरीच्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा, ते वाजवताना माझं रडणं तुमच्या कानात नव्हतं."

समीक्षा दोघांच्या मध्ये उभी होती. भगीरथने हात उचलला. त्याला शेड आठवली, चुन्याचा वास, आणि हात क्षणभर थांबले होते ती जागा. तेव्हा त्याच्या कानात दुसरं काही नव्हतंच. मयताच्या दिवशीचं तिचं रडणं होतं, तुटलं होतं तिथे तुटलेलं. मशीन खरं होतं आणि हेही खरं होतं. त्याचा हात पोरीच्या डोक्यापर्यंत गेला नाही.

"मी त्याला घेऊन येतो," तो म्हणाला. "तोच सांगेल. आधी कोण, मग कोण. त्याच्या तोंडून ऐका."

बाईजा उठून चुलीकडे गेली.

दीपेशकडे तो परत गेला तेव्हा भांडला नाही. कॅसेटी परत माग म्हणाला नाही, जर्मनीवाल्याला नको सांगू म्हणालाही नाही. एकच मागितलं. रविवारी डोळखांबला ये, तिच्यासमोर बस, आणि सांग की मी आधी वाजवलं आणि तू खोटं बोललास. तेवढं झालं की आपला काही संबंध नाही. दीपेशचे डोळे भरले. तो म्हणाला, भाऊ, एवढं तर मी करणारच, सकाळच्या पहिल्या गाडीने येतो, तू तिकडच्या स्टँडवर थांब. दारापर्यंत सोडायला आला. भगीरथचा हात दोन्ही हातांत धरला.

रविवारी भगीरथ पहाटेच दुधाच्या टेम्पोतून निघाला आणि डोळखांबच्या स्टँडवर जाऊन बसला. पहिल्या गाडीतून रातपाळी करून परतलेली माणसं रिकामे डबे घेऊन उतरली. दुसऱ्या गाडीतून एक नवरा-नवरी आणि त्यांची माणसं. दुपारची गाडी उशिरा आली आणि तिच्यातून कुणीच उतरलं नाही, तरी तो ड्रायव्हरच्या बाजूने जाऊन आत बघून आला. चहाच्या टपरीवाल्याने विचारलं, कुणाची वाट बघताय? मित्राची, तो म्हणाला. टपरीवरून त्याने दीपेशच्या घरी फोन लावला. त्याच्या आईने उचलला. दीपेश कालच बंगलोरला गेला, कसला तरी प्रोग्रॅम आहे, पुण्याचा ढोलवाला घेऊन गेलाय बरोबर. तुला सांगितलं नाही का रे?

तरी तो पुढच्या गाडीसाठी बसून राहिला. कशासाठी ते त्यालाही कळत नव्हतं. उठायचं तर सासूच्या घरी जावं लागणार होतं, आणि तिथे जाऊन सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

उन्हं कलल्यावर बाईजाच स्टँडवर आली. समीक्षाचं मनगट तिच्या हातात होतं. पोरीच्या अंगात होळीचा फ्रॉक होता.

"आला नाय?"

"नाय."

ती त्याच्या शेजारी बाकावर बसली. पदराने मान पुसली. "माझ्या ओट्यावर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्यान त्यानं," ती म्हणाली. "आई म्हणाला मला. जाताना पाया पडला." मग म्हणाली, "खरा असता तर तुमच्याविरुद्ध बोलाया तरी आला असता."

भगीरथने मान वर केली. "मंग तुमी मानता, मामी?"

"काय मानू? तुमी सांगितलं नसेल. ते मानते. पण शपथ घेताना तुमचा हात आला नाय, ते पण बघितलं मी." तिने पोरीचं मनगट सोडलं नाही. "आणि आता ते रडणं कुठं कुठं गेलंय?"

"लांब. परदेशात."

"ते लोक लावतात ते? रोज?"

"लावत असतील."

"तिथं मढं नसतंच."

 समोरच्या रस्त्यावर संध्याकाळची गाडी वळण घेऊन खाली उतरताना दिसली.

"पोर यंदा हितंच शाळेत जाईल," बाईजा म्हणाली. "माझ्या नजरेसमोर. पुढलं पुढं."

"बहीण येऊन राहिलीय घरी. तिनं सगळं करून ठेवलंय पोरीचं."

"ठावं हाय."

गाडी थांबली. उतरणारे उतरले. त्याने समीक्षाला जवळ घेतलं, तेवढं बाईजाने घेऊ दिलं. पोरीने विचारलं, बाबा, तुझा मित्र कुठाय? तो म्हणाला, गेला गावाला. कंडक्टरने दोरी ओढली तेव्हा तो पायरीवर चढला.

"पुढल्या रविवारी या," बाईजा खालून म्हणाली. "पण कुणाला संगती आणू नका. एकटे या."

तो मागच्या सीटवर जाऊन बसला. गाडीने वळण घेतलं तेव्हा त्या दोघी अजून स्टँडवर उभ्या होत्या, आणि म्हातारीच्या हातात पोरीचं मनगट तसंच होतं.